मराठी पान छपाईला जाताना

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचे काम करत असताना पहिला फॉर्म छापून हाती आला. कागद अजून गार होता, शाईचा वास ताजा होता. एका कथेचे शीर्षक मोठ्या ठशात, गडद निळ्या रंगात होते. त्याच्या शिरोरेषेवर, एक अक्षर दुसऱ्याला टेकते नेमक्या त्या जागी, केसाएवढ्या पांढऱ्या फटी पडल्या होत्या. सहा अक्षरांचे शीर्षक, पाच फटी. सोळा पाने छापून झाली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. प्रेसकडे तो फॉन्ट नसला तर अडचण नको, म्हणून शीर्षकाचे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, फाइल पाठवली होती. छपाईविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत हा सल्ला हमखास मिळतो आणि रोमन लिपीला तो सहसा बाधत नाही, कारण ती अक्षरे एकमेकांना शिवत नाहीत. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरात किंचित शिरलेली असते. कर्व्ह केलेली अक्षरे एकाच आकृतीत जोडली, की जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तो भाग वजा होऊ शकतो. फाइल चारशे टक्के मोठी करून पाहिली असती तर फटी पडद्यावरही दिसल्या असत्या. तेवढी मोठी करून कोणी पाहिली नव्हती, मीही नाही.

मराठी पानाची मांडणी आणि मुद्रणप्रत यांविषयीची चर्चा हिंडूनफिरून याच जागी येते. कागद, रंग, प्लेट, बांधणी यांचे नियम जगभर साधारण सारखे आहेत आणि ते आपल्याकडेही रुळले. अक्षराच्या बाजूचे प्रश्न आपले आपल्यालाच सोडवायचे होते. त्यांतले काही सुटले, काहींवर दोन-दोन मते आहेत आणि काहींकडे अजून नीट पाहिलेही गेलेले नाही. आज आपण कुठे उभे आहोत, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

खिळ्यांनी ठरवलेली लिपी

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. तरीही फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरते, म्हणून जोडाक्षरांची अडचण तिथे नव्हती. ती आली धातूच्या खिळ्यांबरोबर.

रोमन लिपीची अक्षरे एका रांगेत बसतात. देवनागरीत वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार डोक्यावर, उकार पायाशी, आणि मधल्या पट्ट्यात जोडाक्षरांची गर्दी. मात्रा वेगळ्या खिळ्याने बसवायची की अक्षरासकटच ओतायची, यावरून खिळे पाडण्याच्या निरनिराळ्या पद्धती झाल्या. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोरच्या ‘केस’ या पेट्यांत कित्येकशे घरे असत आणि कोणत्या घरात कोणता खिळा, हे हाताला पाठ असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने या अडचणीतूनच नाव काढले. तिथले राणूजी आरू यांनी कोरलेल्या ठशांचे वळण आजही देवनागरी अक्षररचनाकार समोर ठेवतात.

खिळ्यांची संख्या कमी करावी यासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी प्रयत्न केले. सावरकरांनी लिपीशुद्धीच्या चळवळीत ‘अ’ची बाराखडी मांडली, ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ अशी. त्या वळणाने छापलेली पुस्तके जुन्या वाचनालयांत अजून सापडतात. या सगळ्यामागे लिपीने यंत्रासाठी किती वाकावे हा एक प्रश्न होता. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा इंग्रजी ग्रंथ तीन खंडांत लिहून त्याचा सगळा इतिहास एकत्र केला. छपाईशी संबंध असलेल्या प्रत्येकाने तो एकदा चाळावा असे मला मनापासून वाटते, कारण आजचे बहुतेक वाद त्यात आधीच्या रूपात भेटतात.

जुने फॉन्ट की युनिकोड

संगणक आला आणि जुळाऱ्याची जागा डीटीपी ऑपरेटरने घेतली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाला आणि त्याच सुमारास युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण छापखान्यांत जे रुळले ते वेगळेच होते. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरचे श्रीलिपी, आकृती या पॅकेजांतले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे ठेवत. पाने मांडणाऱ्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला वाटे आपण इंग्रजीच मांडतो आहोत. पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटे. युक्ती नामी होती. तिच्यामुळे दोन दशके मराठी पुस्तके, नियतकालिके, लग्नपत्रिका, सगळे छापले गेले.

प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी होती, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की अर्थहीन चिन्हे दिसत. वर्डमध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे होण्याची सोय चालू राहिली, तर इंग्रजीच्या छोट्या अक्षराचे मोठे होई आणि मराठीत भलतेच अक्षर येई. ज्यांनी त्या काळात मुद्रिते तपासली त्यांना वाक्यारंभीच्या या चुका आठवत असतील.

आज या विषयावर दोन बाजू स्पष्ट आहेत. जुन्या पॅकेजांवर काम करणारे अनेक कुशल ऑपरेटर म्हणतात, की हे फॉन्ट छपाईसाठीच बनवलेले आहेत. मजकुराच्या आकारात त्यांची वजनदारी कागदावर तपासून झालेली आहे, बोटांना कळफलक पाठ आहे, आणि पंचवीस वर्षांच्या फाइली त्यांतच आहेत. दुसरे म्हणजे, जुना फॉन्ट पडद्यावर जसा दिसला तसाच छापला जातो, मधे कुठलेही सॉफ्टवेअर जोडाक्षर ‘ठरवत’ बसत नाही. युनिकोडमध्ये जोडाक्षर कसे दिसेल हे फॉन्ट, सॉफ्टवेअर आणि भाषेची निवड या तिघांवर अवलंबून असते. यातला कोणताही दुवा निसटला की ‘द्ध’ची जागा पाय मोडलेला ‘द्’ आणि शेजारी ‘ध’ घेतात.

युनिकोडच्या बाजूचे म्हणणेही तितकेच भक्कम आहे. लेखक आता फोनवर, लॅपटॉपवर युनिकोडमध्येच लिहितो. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला की ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते, ‘ॲ’ हरवतो, अवतरणचिन्हे उलटी होतात, आणि मग मुद्रितशोधकाने लेखकाच्या चुकांऐवजी यंत्राच्या चुका शोधायच्या. शिवाय पुस्तकाचे ई-बुक करायचे, त्यातला उतारा कुठे द्यायचा किंवा सूची करायची, तर जुन्या फॉन्टमधला मजकूर पुन्हा बदलावा लागतो. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे.

माझ्या मते नव्या कामासाठी हा प्रश्न आता युनिकोडच्या बाजूने निकाली निघाला आहे. मात्र पहिल्या बाजूचा मजकुराच्या ठशाबद्दलचा आक्षेप खरा होता आणि अंशतः अजूनही आहे. सुरुवातीचे युनिकोड फॉन्ट पडद्यासाठी होते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी पोचला, पण तो दोनशे पानांच्या कादंबरीसाठी कोणी निवडला नसता. आता ‘मुक्ता’, ‘यशोमुद्रा’, आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’, मराठी वळणाचा ‘टिरो देवनागरी मराठी’ असे मोफत आणि चांगले पर्याय आहेत. तरी पुस्तकाच्या मजकुरासाठी तिरपा ठसा, वेगवेगळी वजने, छोट्या आकारासाठी वेगळी रेखणी असे भरलेले कुटुंब हवे असेल, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच फॉन्ट उरतात.

मराठीचा ल, मराठीचा श

अ, झ, ण यांची मराठीत रुळलेली, ‘मुंबई’ म्हणवली जाणारी वळणे पुढे हिंदीनेही स्वीकारली. ल आणि श यांची मात्र दोन वळणे राहिली. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, आणि शासनाच्या वर्णमालाविषयक निर्णयांनीही त्यांनाच मान्यता दिली आहे. अनेक फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणच दिसते आणि मराठी वळण आत दडलेले असते. मांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की फॉन्टमध्ये सोय असल्यास ते वर येते. ही एक क्लिक न केल्यामुळे मराठी पुस्तके हिंदी वळणाने छापली जातात.

याकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहींना ही केवळ सवयीची बाब वाटते. वाचक दोन्ही वळणे सहज वाचतो. काहींना ती लिपीच्या ओळखीची बाब वाटते, विशेषतः पाठ्यपुस्तकांत, कारण मूल जे छापलेले पाहते तेच गिरवते. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत मला दुसरे म्हणणे पटते.

याहून जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे एकच दिसणारे अक्षर दोन-तीन प्रकारे टंकित होणे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र लावत किंवा हिंदीचे ‘ऍ’ वापरत. ‘ऱ्य’ही दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकाच पुस्तकात तिन्ही प्रकारचे ‘ॲप’ असले, तर ‘ॲ’ आणि अर्धचंद्र लावलेला ‘अ’ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. शोधून-बदलायला घेतले की निम्मे सापडत नाहीत, आणि एखाद्या फॉन्टमध्ये त्यांतल्या एकाखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. म्हणून मांडणीला हात लावण्याआधी सगळा मजकूर एकदा एकसारखा करून घ्यावा. हे अर्ध्या तासाचे काम शेवटच्या मुद्रितापर्यंत उपयोगी पडते.

ओळीचा शेवट

मराठी पान हाती घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो ओळींमधला आणि शब्दांमधला पांढरा भाग, आणि तिथेच सर्वांत मोठा मतभेद आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’, ‘अर्थव्यवस्थेसंदर्भातल्या’ असे शब्द रोजचे आहेत. पाऊण पानभर रुंद ओळीत ते खपून जातात. दिवाळी अंकाच्या दोन स्तंभी पानात, जिथे ओळीत चार-पाच शब्द मावतात, तिथे एक लांब शब्द खाली सरकला की वरच्या ओळीत खिंडारे पडतात. ती एकाखाली एक आली की पानातून ओघळ वाहिल्यासारखे दिसते.

खिळ्यांच्या काळातले जुळारी शब्द तोडत. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन उरलेला भाग खाली. जुन्या पुस्तकांत हे सर्रास दिसते. पेजमेकरच्या काळात ही सवय मोडली. सॉफ्टवेअरला मराठी कळत नसल्याने तोडण्याची सोय बंदच ठेवावी लागे, नाहीतर ते अक्षराच्या मधोमध शब्द कापे. काही ऑपरेटर हाताने संयोगचिन्ह घालत. त्या फाइलींची दुसरी आवृत्ती काढताना ओळी सरकल्या, की ‘विद्या-र्थी’ ओळीच्या मधोमध अवतरतो. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत अशी अनाथ संयोगचिन्हे मी पुष्कळ वेचली आहेत.

आज तीन मते दिसतात. पहिले: शब्द तोडायचेच नाहीत, दोन्ही कडा सरळ ठेवायच्या आणि शब्दांतले अंतर सोसायचे. बहुतेक प्रकाशक हेच करतात. वाचकाला सवय आहे, तुटलेला शब्द अडखळवतो, हे त्यांचे कारण. दुसरे: शब्द तोडावेत. इनडिझाइनमध्ये मराठीचे शब्दकोश जोडता येतात, टेकमध्ये मराठीचे तोडण्याचे नमुने आहेत. तिसरे मत, विशेषतः तरुण मांडणीकारांचे, की उजवी कडा मोकळी सोडावी. शब्दांतले अंतर सारखे राहते, काही तोडावे लागत नाही, कवितेला आणि अरुंद स्तंभांना ते शोभते. आक्षेप असा, की दोनशे पानांच्या कादंबरीत ते पान ‘अपुरे’ वाटते.

दुसऱ्या मताची अडचण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. यंत्र अक्षराच्या सीमेवर तोडते. त्या हिशेबाने ‘विद्या-र्थ्यांबरोबरच्या’ ही तोड वैध आहे. वाचणाऱ्याला मात्र नव्या ओळीच्या सुरुवातीला रफाराने डोके जड झालेले जोडाक्षर भेटते आणि तो थबकतो. माणूस तोडतो तेव्हा ‘विद्यार्थ्यां-बरोबरच्या’ असे अर्थाच्या सांध्यावर तोडतो. शब्दाचा मूळ भाग कुठे संपतो आणि अव्यय कुठे सुरू होते हे यंत्राला कळायला भाषेचे विश्लेषण लागते. ते मांडणीच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेले नाही.

एका बाबतीत मात्र कोणाचाच मतभेद नसावा. ओळ भरण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवू नये. रोमनमध्ये ते थोडेफार खपते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द मण्यांसारखा सुटा होतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या समतोलाच्या खिडकीत अक्षरांतराचे तिन्ही आकडे शून्यच ठेवावेत आणि फक्त शब्दांतराला थोडी मोकळीक द्यावी.

ठसा, ओळ आणि समास

पॉइंटचा आकडा सांगून मराठीत फारसा उपयोग होत नाही. एका फॉन्टचा बारा दुसऱ्याच्या चौदाएवढा दिसतो, कारण डोक्यावरच्या आणि पायाखालच्या चिन्हांसाठी प्रत्येकाने वेगळी जागा राखलेली असते. म्हणून शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची मोजून तुलना करावी. ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा सैल लागते. बारा पॉइंटच्या ठशाला सोळा-सतरा पॉइंटची ओळ ही बरी सुरुवात. वरच्या ओळीतला ‘ट्रू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्तीं’ एकमेकांना भिडतात का, एवढे पाहिले तरी पुरे. कागद वाचवण्यासाठी हे अंतर दाबले जाते, तेव्हा चष्मा लावलेल्या वाचकाला सर्वांत जास्त त्रास होतो.

समासाचे गणित बांधणीवर ठरते. परफेक्ट बाइंडिंगचे पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून आतला समास अठरा-वीस मिलिमीटरपेक्षा कमी नको. शिवणीची बांधणी असेल तर थोडा कमी चालतो. सेंटर पिनच्या पुस्तिकेत मधली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास कमी होतो. पाने जास्त असली तर बाइंडरला आधी विचारावे.

कोणते सॉफ्टवेअर

पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. ती शेवटची ठरली. तरी जुन्या संगणकांवर तो आजही चालताना दिसतो, कारण जुन्या फाइली दुसरीकडे धड उघडत नाहीत. इनडिझाइनमध्ये २०१२च्या सीएस-६ पासून भारतीय लिप्यांची सोय झाली, पण परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो. नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी जातात. कोरलड्रॉ मुखपृष्ठे, पत्रके, फलक यांसाठी मराठी मुलखात सर्वत्र आहे, मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट येत नसे. स्क्रायबस मोफत आहे आणि आता देवनागरी मांडतो. टेकचा वापर विद्यापीठीय कामापुरता आहे, पण टीपा, संदर्भ आणि सूची यांनी भरलेल्या ग्रंथासाठी ते सर्वांत विश्वासू वाटते. या बाबतीत वाद फारसा नाही. ज्याच्या प्रेसला जे उघडता येते, ते त्याने वापरावे.

प्रेसकडे पाठवताना

इथे बरेच काही ठरून गेलेले आहे, म्हणून थोडक्यात.

पुस्तक डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच असेल, तर २३ बाय ३६च्या एका कागदातून ३२ पाने, म्हणजे १६ पानांचे दोन फॉर्म, निघतात. म्हणून पृष्ठसंख्या १६च्या पटीत बसवावी. २०० पाने म्हणजे साडेबारा फॉर्म. अर्ध्या फॉर्मचा खर्च आणि खटाटोप टाळायचा असेल तर १९२ किंवा २०८ करावीत. कण्याची जाडी आकडेमोडीने काढण्यापेक्षा बाइंडरकडून त्याच कागदाचा कोरा डमी बनवून घ्यावा आणि मग मुखपृष्ठ मांडावे. नॅचरल शेडचा हलका पण फुगीर कागद त्याच जीएसएमच्या मॅपलिथोपेक्षा जाड भरतो, आणि कण्यावरचे नाव मधोमध राहत नाही.

कडेपर्यंत जाणारा रंग किंवा चित्र कापरेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवलेले असावे. मजकूर कापरेषेपासून किमान पाच मिलिमीटर आत. छायाचित्र छापायच्या आकारात ३०० पिक्सेल प्रति इंच. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलांचा फोटो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापला जातो. त्याला पानभर ताणू नये. मूळ फाइल ईमेलने मागवावी. आर्ट पेपरवर चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या आसपास आणि वर्तमानपत्री कागदावर २४०च्या आसपास राहाव्यात, नाहीतर शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते.

मजकूर फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के. वर्डमधून आलेला काळा रंग अनेकदा चार शायांचा होऊन बसतो. चार प्लेटा केसभर सरकल्या की इंग्रजी अक्षर थोडे धूसर दिसते. देवनागरीत शिरोरेषेला खालून लाल-निळी किनार लागते आणि सगळी ओळ थरथरल्यासारखी दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मराठी मजकूर लहान आकारात टाळावा. शिरोरेषा आणि वेलांट्यांच्या पोटात शाई भरते. हौस असेल तर जाड ठसा घ्यावा आणि पार्श्वभूमी एकाच शाईची ठेवावी.

मतभेद उरतो तो पीडीएफच्या प्रकाराबाबत. २००१ सालचा पीडीएफ/एक्स-१ए हा प्रकार सगळे रंग आधीच छपाईच्या शायांत बदलून, पारदर्शक थर सपाट करून पाठवतो. तो घट्ट आहे, प्रेसवर आश्चर्ये घडत नाहीत, म्हणून अनेक मुद्रक तोच मागतात. २००८ सालचा एक्स-४ थर जिवंत ठेवतो आणि रंग बदलण्याचे काम शेवटपर्यंत लांबवतो. आधुनिक यंत्रणेत तो जास्त चांगला निकाल देतो. जिथे प्रेसचे सॉफ्टवेअर जुने आहे किंवा कळत नाही, तिथे मी एक्स-१ए पाठवते. दोन्ही प्रकारांत फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट असतातच, त्यामुळे मजकुराचे कर्व्ह करण्याचे कारण उरत नाही. मोठ्या शीर्षकाचे करायचेच असेल तर अक्षरे ‘वेल्ड’ करावीत, ‘कंबाइन’ नव्हे. मग सुरुवातीला सांगितलेल्या फटी पडत नाहीत.

शेवटची तपासणी पडद्यावर करून भागत नाही. पीडीएफचे एक पान शंभर टक्के आकारात साध्या प्रिंटरवर काढावे. त्यात मी काही शब्द मुद्दाम घालून पाहते: वाङ्मय, ऱ्हास, उद्ध्वस्त, षट्कोन, त्र्यंबक, कर्तृत्व, ब्राह्मण, ॲप, वाऱ्यावर. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर यांचे जमत नसेल, तर या नऊ शब्दांत ते बहुतेक वेळा उघडे पडते.

काय उरले आहे

शब्द तोडण्याचा प्रश्न उरला आहे. मजकुराच्या ठशांची विविधता उरली आहे. जबाबदारीचाही प्रश्न आहे. लेखक वर्ड फाइल देतो, ऑपरेटर मांडतो, चित्रकार मुखपृष्ठ पाठवतो, प्रेस प्लेट काढते. चुकीच्या रंगाचा किंवा हरवलेल्या ‘ऱ्या’चा दोष नेमका कोणाचा, याचा लेखी करार मराठी प्रकाशनव्यवहारात क्वचित असतो. काही मुद्रक म्हणतात, आलेली फाइल जशीच्या तशी छापणे हे आमचे काम. काही म्हणतात, चूक दिसली तर फोन करणे हा आमचा धर्म. प्रकाशकांनाही दोन्ही प्रकारचे मुद्रक हवे असतात. एकाकडे वेग असतो, दुसऱ्याकडे डोळा.

आणि सर्वांत बिकट प्रश्न जतनाचा. युनिकोडमध्ये मांडलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमधूनही मजकूर उचलला, तर वेलांट्या आपल्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे विस्कटतात. छापण्यासाठी बनवलेला पीडीएफ मजकूर सांभाळण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणजे मजकूर राहतो तो ऑपरेटरच्या संगणकातल्या मांडणीच्या फाइलीत. लेखकाकडे असते ती पहिली वर्ड फाइल. या दोन्हींत तीन मुद्रितांचा फरक असतो. संपादकाने फोनवर सांगितलेली दुरुस्ती, लेखकाने प्लेट निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बदललेला शेवटचा परिच्छेद, मुद्रितशोधकाने हिरव्या पेनाने घातलेले अनुस्वार, सगळे फक्त त्या एका संगणकात. दुसऱ्या आवृत्तीची वेळ येते तेव्हा अनेकदा तो ऑपरेटर दुसरीकडे गेलेला असतो, फॉन्टची किल्ली हरवलेली असते, आणि प्रकाशक पहिल्या आवृत्तीची छापील प्रत स्कॅन करायला पाठवतो.